ट्रकवरचा जुना थर आणि खरवडणारे हात

मेहकरहून खामगावला जाताना वाटेत जानेफळ लागतं. परवा तिथे रस्त्याकडेला एक जुना ट्रक रंगकामासाठी उभा होता. मिस्त्री रिकाम्या हौद्यात बसून पत्र्यावरचा जुना थर खरवडत होता. वर डांबरी काळा, खाली पिवळा, सगळ्यात खाली शेंदरी. धूळ उडत होती आणि मिस्त्रीच्या तोंडाला रुमालही नव्हता.

या थरांना इतिहास आहे. टेल्को 1945 साली स्थापन झाली आणि 1954 पासून जमशेदपूरला मर्सिडीज-बेंझचे ट्रक बनू लागले. पण पुढे कित्येक वर्षं मालकाच्या हाती बहुधा नुसती चॅसी यायची. केबिन आणि हौदा सुतार-लोहार बांधायचे आणि पेंटर रंगवायचा. या कामात आपले मुस्लिम कारागीर जागोजागी दिसतात.

लोखंड गंजू नये म्हणून खाली शेंदराचं अस्तर देत. शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड. त्यावरचा झळझळीत क्रोम पिवळा म्हणजे शिशाचं क्रोमेट. नंतर रेड ऑक्साइड आलं, त्यात शिसं नसतं. पण जुन्या पत्र्यावर यातलं नेमकं काय आहे हे नुसत्या नजरेला कळत नाही. रंग पत्र्याला घट्ट धरून असतो तोवर त्रास कमी. तो खरवडला की धूळ होते, ब्लो लॅम्पने जाळला की धूर होतो, आणि दोन्ही वाटांनी शिसं छातीत उतरतं.

हे जगाला शंभर वर्षांपूर्वीच माहीत होतं. 1921 मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सफेद्याबद्दल, म्हणजे शिशाच्या पांढऱ्या रंगाबद्दल, जिनिव्हात करार केला. कोरडं घासण्या-खरवडण्याने उडणाऱ्या धुळीपासून रंगाऱ्याला वाचवा, हात धुण्याची सोय करा, कामाचे कपडे वेगळे ठेवा, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. आपल्या 1948 च्या कारखाने अधिनियमातही शिशाची विषबाधा हा सरकारला कळवण्याचा आजार ठरला. पण ताडपत्रीखाली दोन-तीन माणसांनी चालवलेलं गॅरेज कायद्याच्या लेखी कारखानाच नव्हतं. पुढे 1 नोव्हेंबर 2017 पासून रंगात शिशाची मर्यादा 90 पीपीएम झाली, तीही घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरती. भिंतीला संरक्षण मिळालं, ट्रकचा पत्रा बाहेरच राहिला.

मिस्त्रीचं शरीरही अल्लाहची अमानत आहे, आणि ती सांभाळायला फार खर्च लागत नाही. पत्रा ओला करून वॉटर पेपरने घासावा, जुना रंग जाळू नये. साधा रुमाल पुरत नाही, बारीक धूळ अडवणारा मास्क हवा. खरवड झाडून उडवू नये, ओली गोळा करावी. हात-तोंड धुतल्याशिवाय चहा-तंबाखू नको. ते कपडे घालून घरी जाऊन लेकराला उचलून घेऊ नये. शिशाचा सगळ्यात मोठा घाव लहान मुलांच्या मेंदूवर बसतो.

गाडीमालक नव्या रंगाची घासाघीस करतो, पण जुना थर कसा काढणार हे सहसा विचारत नाही. तो प्रश्न आधी विचारावा, आणि ओल्या कामाला लागणाऱ्या जास्तीच्या एका दिवसाची मजुरी मोजून द्यावी.