मद, शिंगें आणि अंतःस्राव

पूर्वीच्या चांदा जिल्ह्याचें नांव काढतांच आपणांस वाघ आठवतो. १९८२ सालीं त्यांतून गडचिरोली निराळा झाला. परंतु दोहोंचें अरण्य एकच. त्या अरण्यांत आणि आपल्याही शरीरांत वावरणाऱ्या एका अदृश्य सत्तेचा इतिहास आज सांगावयाचा आहे. ती सत्ता म्हणजे वृषणांतून रक्तांत उतरणारा टेस्टोस्टेरोन हा अंतःस्राव.

ताडोब्याच्या चितळाच्या शिंगांवरील मखमली कातडें वाळतें तें हा स्राव चढल्यावर. शिंगें गळतात तीं तो उतरल्यावर. अहेरी तालुक्यांत कमलापूर येथें वनखात्याचा हत्तींचा तळ आहे. नराच्या गंडस्थळांतून मद पाझरूं लागला कीं माहूत सावध होतो. सिलोनमधील हत्तींचें रक्त तपासून १९७२ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत मदकाळीं हा स्राव कित्येक पटींनीं वाढलेला आढळला. २०२१ सालीं छत्तीसगडाकडून रानहत्तींचा कळप गडचिरोलींत उतरला. तेव्हांपासून मदाची ओळख गांवकऱ्यांच्याही जिवाशीं निगडित झाली आहे.

गोऱ्हा खच्ची केला कीं औतास नमतो, हें आपला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या जाणत होता. कारण मात्र अज्ञात होतें. १८४९ सालीं गटिंगेनच्या बर्थोल्डनें कोंबड्यांचे वृषण काढले व कांहींच्या पोटांत पुन्हा बसविले. त्यांचा तुरा व झुंजारपणा टिकला, इतरांचा लोपला. मज्जातंतू तुटले असतांही हें घडलें, त्याअर्थीं संदेश रक्तावाटें जात होता. १८८९ सालीं ७२ वर्षांच्या ब्राउन-सेकारनें प्राण्यांच्या वृषणांचा अर्क टोचून घेतला आणि तारुण्य परतल्याचें जाहीर केलें. ती भ्रांति होती; त्या पाणीदार अर्कांत स्राव जवळजवळ नव्हताच. शुद्ध पदार्थ १९३५ सालीं ॲम्स्टरडॅमला वळूंच्या वृषणांतून मिळाला. त्याच वर्षीं बुटेनांट व रुझिका यांनीं तो प्रयोगशाळेंत घडविला. १९३९ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक या दोघांना मिळालें.

ज्यांचे वृषण रोगानें निकामी झाले, त्यांना हें औषध मोठा आधार देतें. उलट, पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग याच स्रावावर पोसतो, हें हगिन्सनें १९४१ सालीं दाखविलें. तेथें तो रोखणें हाच उपचार ठरला.

एक गोष्ट मात्र तरुणांनीं ध्यानीं धरावी. स्राव बाहेरून मिळूं लागला कीं मेंदूच्या तळाशीं असलेली पिट्युइटरी ग्रंथि वृषणांस आज्ञा देणें थांबविते आणि शुक्रबीजांची निपज मंदावते, कधीं बंदही पडते. बळाच्या लोभानें सुई घेणारा तरुण अशा रीतीनें अपत्याच्या आशेवरच कुऱ्हाड चालवितो. माहूत मदाला चिथावीत नाहीं; साखळी घालून तो ओसरण्याची वाट पाहतो. औषधाच्या बाबतींतही वैद्याच्या तपासणीवांचून पाऊल न टाकणें हाच तो विवेक होय.