थाळनेरच्या दरवाज्यामागे कोण बसणार?

लष्करी वॉरगेममध्ये आता माणूस पंच नको आणि शत्रूही माणूस नको, दोन्ही कामे कृत्रिम बुद्धिमत्ता चोख करील, असे मत जाणकारांत रूढ होत आहे. ते उथळ नाही. सिम्युलेटरवर तोफेचा गोळा खर्ची पडत नाही, रणगाड्याचे डिझेल जळत नाही, चुकलेला जवान पुन्हा उभा राहतो. मे 2022 मध्ये लष्कराच्या प्रशिक्षण कमांडने राष्ट्रीय रक्षा विद्यापीठाशी करार केला, तो अशाच वॉरगेम केंद्रासाठी. देवळालीचा तोफची आणि अहिल्यानगरचा रणगाडाचालक यांचा हात यंत्राने बसणार असेल, तर विरोध कोण करील? मी नाही. माझा आक्षेप त्यापुढच्या उडीला आहे.

पहिला दावा निःपक्षपातीपणाचा. मिडवेच्या लढाईआधी, मे 1942 मध्ये, जपान्यांनी ‘यामातो’ युद्धनौकेवर वॉरगेम खेळला. त्यात त्यांच्या जहाजांवर नऊ बॉम्ब पडले. मुख्य पंच उगाकी यांनी नऊचे तीन केले. जूनमध्ये खऱ्या समुद्रात चार विमानवाहू जहाजे बुडाली. प्रतिपक्ष म्हणेल, यंत्राने असा लबाड निवाडा दिला नसता. मान्य. पण यंत्राचे नियम कोण लिहितो? 2002 च्या अमेरिकी सरावात निवृत्त जनरल व्हॅन रायपर यांनी शत्रूची भूमिका घेतली, निरोप मोटारसायकलस्वारांकरवी धाडले आणि सोळा जहाजे बुडवली. सरावाच्या चालकांनी ती पुन्हा तरंगवली! उगाकींची लबाडी टेबलाभोवतीच्या सर्वांना दिसली. रायपर ओरडले, म्हणून जगाला कळले. तीच लबाडी नियमावलीत गोठवली, तर ओरडायला कोण उरेल?

दुसरा दावा यंत्राच्या सरशीचा. ऑगस्ट 2020 मध्ये संगणकाने एफ-16 च्या अनुभवी वैमानिकाला आभासी झुंजीत 5-0 ने हरवले. खरे आहे. मात्र त्या झुंजीत प्रतिस्पर्धी कुठे आहे, हे यंत्राला क्षणोक्षणी अचूक ठाऊक होते. युद्धात नेमके तेच कुणाला ठाऊक नसते. पाने उघडी ठेवून जिंकलेल्या डावाला कोणी पत्त्यातले कसब म्हणत नाही.

आता आमच्या घरची साक्ष. नरडाण्याहून तापी ओलांडली की थाळनेर जवळच. 27 फेब्रुवारी 1818 रोजी जनरल हिस्लॉपची फौज किल्ल्यापुढे होती. किल्लेदार तुळशीराम स्वतः बाहेर येऊन स्वाधीन झाला होता. इंग्रज अधिकारी आत शिरले. दरवाज्यात अरब शिबंदीशी बोलाचाली झाली, शस्त्रे चालली, दोन अधिकारी पडले. मग जवळजवळ सगळी शिबंदी कापली गेली आणि किल्लेदाराला फाशी दिले. इंग्रजांनी त्याला दगा म्हटले. एकमेकांची भाषा न कळल्याने घोटाळा झाला, असेही तेव्हा बोलले गेले. पुढे ब्रिटिश पार्लमेंटातही या फाशीवरून वाद झाला.

हा प्रसंग यंत्रात कसा भराल? तोफा मोजता येतील, तटाची उंची भरता येईल, शिबंदीची संख्याही. पण किल्लेदार शरण आला, म्हणजे ‘लढाई संपली’ अशीच नोंद यंत्र करील. वाचकहो, तुम्हीच न्याय करा: थाळनेरची लढाई तिथे संपली होती की सुरू व्हायची होती?

म्हणून मागणी साधी आहे. गोळाफेकीचा सराव यंत्राकडे खुशाल द्या. दरवाज्यामागे मात्र माणूस बसवा, आणि शक्यतो असा, की ज्याची अहिराणी समोरच्या अधिकाऱ्याला कळत नाही.