आग्रा रोडवरची रंगपंचमी

तुम्ही रंग कधी खेळता? मुंबईत वाढलेल्या बहुतेकांचं उत्तर ठरलेलं आहे: होळीच्या दुसऱ्या दिवशी. सुट्टी तेव्हाच असते. सरकारी यादीतही ती 'होळी (दुसरा दिवस)' अशीच छापलेली असते. दुपारपर्यंत सगळ्यांच्या स्टेटसवर रंगलेले चेहरे झळकतात आणि घरातली आजी म्हणते, "अरे, आज धुळवड. रंग पंचमीला असतो." पुढचं वाक्य बहुधा शेजारच्या काकांचं असतं. हे सगळं उत्तरेकडून आलं, त्यांनी आपला सण पळवला.

आजीचं बरोबर आहे. काकांचं तपासायला हवं, आणि त्यासाठी सोयीचा रस्ता आपल्या दारातूनच जातो. जुना मुंबई-आग्रा रोड.

पहिला मुक्काम नाशिक. इथे धुळवडीच्या दिवशी रंग नसतो, वीर असतात. घराण्यातल्या वीरांचे देवघरातले टाक हातात घेऊन, वाजतगाजत लोक गोदावरीवर जातात, त्यांना स्नान घालतात. लहान पोरंही वीराच्या वेशात नाचत निघतात. सगळ्यांत मानाचा दाजीबा वीर, त्याच्या डोक्याला लग्नाचं बाशिंग बांधलेलं असतं. आदल्या रात्री होळी पेटली, दुसऱ्या दिवशी तिची राख कपाळाला लागली आणि गेलेल्या माणसांची आठवण निघाली, असा हा क्रम. रंगाला अजून चार दिवस अवकाश असतो.

पंचमीला जुन्या नाशकातल्या रहाडी उघडतात. रहाड म्हणजे चौकात जमिनीखाली बांधलेला मोठा हौद. पेशवाईपासूनची ही रीत. वर्षभर त्यावर लाकडी ओंडके आणि माती असते, वरून रिक्षा-स्कूटर जात असतात, खाली काय आहे हे नवख्या माणसाला कळतही नाही. पंचमी आली की माती काढतात, पूजा होते, हौद रंगाच्या पाण्याने भरतो. तिवंधा चौक असो की पंचवटीतला शनी चौक, प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला आणि मानाची घराणीही ठरलेली. मग लोक त्यात उड्या मारतात, त्याला 'धप्पा' म्हणतात. पूर्वी अशा अनेक रहाडी होत्या, आता त्यांतल्या मोजक्याच उघडतात.

नाशिक सोडून धुळ्यावरून पुढे गेलं की सातपुडा लागतो. फाल्गुनात इथला पळस पानं टाकून नुसत्या फुलांवर असतो. हीच फुलं उकळून केशरी रंग करायचे, उत्तरेत त्यांना टेसू म्हणतात. सेंधव्याचा घाट लागला की महाराष्ट्र संपतो. रंगपंचमी मात्र संपत नाही.

उलट इंदुरात ती आपल्यापेक्षा मोठी होते. पंचमीला राजवाड्यासमोर गेर निघते. टँकर, पंप, हवेत उडणारा गुलाल आणि रस्ता दिसेनासा होईल इतकी माणसं. होळकरांच्या राजवटीत राजघराणं प्रजेबरोबर रंग खेळायला बाहेर पडायचं, तिथून ही रीत आली, असं इंदूरकर सांगतात. होळकर मूळचे नीरेकाठच्या होळ गावचे. मल्हाररावांनी १८ व्या शतकात माळव्यात जम बसवला, आणि १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदुरात आली. पुढे गेर शहरातल्या मंडळांनी उचलली. टोरी कॉर्नरची गेर त्यांतलीच एक जुनी. कोविडमुळे खंड पडला, पण गेर पुन्हा निघाली.

आणि महत्त्वाचं म्हणजे पंचमीला इंदुरात स्थानिक सुट्टी असते. जी सुट्टी मुंबईत नाही, ती मध्य प्रदेशातल्या शहरात आहे.

रस्ता पुढे ग्वाल्हेरवरून आग्र्याला जातो. तिथून जवळच मथुरा. काकांच्या मते रंगाची चूक जिथून सुरू झाली, तो हा ब्रज प्रांत. इथे मात्र 'होळीचा दुसरा दिवस' हाही एकमेव दिवस नाही. मंदिरांत गुलाल वसंत पंचमीपासूनच उडायला लागतो. बरसान्याची लठमार होळी पौर्णिमेच्या कितीतरी आधी, फाल्गुन शुद्ध नवमीला होते. शिवाय उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो. म्हणजे आपल्या फाल्गुन वद्य पंचमीला तिथे चैत्र सुरू झालेला असतो. चंद्र एकच, महिन्याचं नाव वेगळं.

मथुरेशी आपलं नातंही जुनं आहे. महादजी शिंद्यांचा उत्तरेतला मोठा मुक्काम इथेच असायचा, आणि ते कृष्णभक्त होते. १७९२ मध्ये ते बऱ्याच वर्षांनी पुण्याला परतले. पुढच्या वसंतात त्यांनी तरुण सवाई माधवरावांसाठी उत्तरेकडच्या थाटाचा रंगाचा मोठा सोहळा केला. १७९४ च्या फेब्रुवारीत महादजी वानवडीला वारले, त्यांची छत्री आजही तिथे आहे. म्हणजे उत्तरेचा रंग पुण्यात आला तो सिनेमाच्या शंभरेक वर्षं आधी, आणि त्याला आणणारा मराठा सरदार होता. एक रीत माळव्यात गेली, एक थाट पुण्याला आला. वाहतूक दोन्ही बाजूंनी होती.

होळी नेमकी कुणाची, हा वादसुद्धा नवा नाही. पूर्वमीमांसेवरच्या शबराच्या भाष्यात 'होलाका' हा शब्द येतो. ती पूर्वेकडचे लोक करतात, मग ती फक्त त्यांचीच मानायची का, असा प्रश्न तिथे गंभीरपणे चर्चेला घेतला आहे. उत्तर असं निघालं की नाही, ती सगळ्यांची. दीड हजार वर्षांहून जुना हा निकाल आहे. काकांना दाखवायला हरकत नाही.

मग आपली पंचमी कुणी पळवली? माझं उत्तर साधं आहे: सुट्टीने. गिरणीत, कचेरीत, शाळेत ज्या दिवशी दार बंद, त्याच दिवशी शहर एकत्र रंग खेळू शकतं. मुंबईत ते दार धुळवडीला बंद झालं आणि रंग तिकडे सरकला. इंदुरात पंचमीला बंद राहिलं, तिथे पंचमी टिकली. यात शेजारच्या भय्याचा हात नाही. तोही सुट्टी बघूनच खेळतो.

तरी आजीची हळहळ खोटी ठरत नाही. रंग चार दिवस अलीकडे आला म्हणून कुणाचं वाकडं झालं नाही, पण त्याने ज्या दिवसाची जागा घेतली तो दिवस पुसला गेला. राखेचा दिवस, वीरांचा दिवस. नाशकात एखादं पोर वीर होऊन नाचतं तेव्हा आपल्या घरातलं कोण, कधी, कशात गेलं हे त्याला विचारावंसं वाटतं आणि कुणीतरी सांगतं. आपल्या स्टेटसवर त्या दिवशी सगळे चेहरे आहेत, फक्त ते नाहीत.

म्हणून धुळवडीला रंग खेळू नका असं कुणी सांगायची गरज नाही. खेळा. फक्त निघण्याआधी आजीला विचारा, तुमच्याकडे आजच्या दिवशी काय करायचे. आणि पंचमी यंदा कोणत्या वारी येते तेही बघून ठेवा. कामाचा दिवस असला तरी संध्याकाळ आपली असते. नाशिकला त्या संध्याकाळी रहाडीत शेवटचे धप्पे पडत असतात. नंतर ओंडके परत बसतात, माती पडते, वरून गाड्या जायला लागतात. हौद मात्र तिथेच असतो.