दोन वंगणांची सोयरीक

निराळ्या जातींचीं दोन वंगणें एका इंजिनांत घालूं नयेत, ही समजूत मोटार बाळगणाऱ्यांत फार जुनी आहे. ती सर्वस्वीं निराधार मात्र नाहीं. तिचें एक मूळ घरोघरच्या औषधाच्या फडताळांतील एरंडेलाच्या बाटलींत सांपडतें.

फ्रान्समधील सेगँ बंधूंचें 'नोम' इंजिन १९०९ मध्यें विमानांत बसूं लागलें. हें इंजिन सिलिंडरांसह स्वतःच गरगर फिरे, आणि पेट्रोलचें मिश्रण वंगण असलेल्या पेटींतूनच सिलिंडरांत जाई. तेथें खनिज तेल पेट्रोलमध्यें विरघळून पातळ झालें असतें. एरंडेल तसें सहज विरघळत नाहीं. म्हणून पहिल्या महायुद्धांत (१९१४–१८) असंख्य वैमानिकांचे प्राण या घरगुती औषधाच्या हवालीं होते. इंग्लंडांतील 'कॅस्ट्रॉल' हें नांवही एरंडेलाच्या 'कॅस्टर' या इंग्रजी नांवावरूनच पडलें.

परंतु पेट्रोलपुढें जो गुण, तोच खनिज तेलापुढें दोष ठरला. खनिज तेल मुख्यतः कार्बन व हायड्रोजन यांचें बनलेलें. एरंडेलाच्या रेणूंत त्यांशिवाय ऑक्सिजनही असतो. त्यामुळें हीं दोन तेलें एकजीव होत नाहींत, त्यांचे थर वेगळे पडतात. एक सोडून दुसरें घालावयाचें तर इंजिन आधीं स्वच्छ करून घेणें इष्ट असे.

कृत्रिम तेलाचा वंश मात्र निराळा आहे. अमेरिकेंत स्टँडर्ड ऑइल ऑफ इंडियाना या कंपनीनें १९२९ च्या सुमारास तें तयार केलें, पण गिऱ्हाइकाअभावीं तें मागें पडलें. पुढें दुसऱ्या महायुद्धांत जर्मनींत व त्यानंतर जेट विमानांसाठीं कृत्रिम वंगणांची गरज भासली. मोटारींसाठीं 'मोबिल १' आलें तें १९७४ मध्यें. अशा तेलांतील प्रमुख द्रव्यही कार्बन-हायड्रोजनांचेंच; फक्त रेणू मोजूनमापून घडविलेले. म्हणजे तें खनिज तेलाचें परकें नव्हे, सगोत्रच होय. कांहीं कृत्रिम द्रव्यांनीं रबरी सील आकसत, तर कांहींनीं फुगत. दोहोंचा समतोल साधल्यावर ती अडचणही निवारली. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या मानकांप्रमाणें इंजिनतेलें परस्परांत मिसळलींच पाहिजेत. बाजारांतील 'सेमी-सिंथेटिक' तेल तर मुळांतच असें मिश्रण असतें.

या सोयरिकींत हानि होते ती गुणांची. कडक थंडींत सहज वाहण्याचा व दीर्घकाळ टिकण्याचा कृत्रिम तेलाचा गुण मिश्रणांत उणावतो. म्हणून तें साध्या तेलाच्याच मुदतींत बदलावें हें उत्तम. परंतु आडमार्गावर तेलाची पातळी उतरली असतां, योग्य ग्रेडचें तेल हातीं असूनही केवळ जात निराळी म्हणून तें नाकारणें, हा इंजिनाचा घात होय. एरंडेलाचा दोष कृत्रिम तेलाच्या माथीं मारल्यास त्याचें मोल यंत्राला भरावें लागतें.