हैतीच्या शाळेंतील नापास मूल

एखादें मूल परीक्षेंत नापास झालें, कीं त्याचा दोष आपण त्याच्या बुद्धीला किंवा आळसाला देतों. हा न्याय कितपत योग्य आहे, हें पाहण्यास कॅरिबियन समुद्रांतील हैती देशाचा इतिहास फार उद्बोधक आहे.

गुलामांच्या बंडांतून हैतीनें १ जानेवारी १८०४ रोजीं फ्रेंचांपासून स्वातंत्र्य मिळविलें. दक्षिण भागाचे अध्यक्ष पेत्यों यांच्या काळीं झालेल्या १८१६ च्या राज्यघटनेंत सर्वांना आवश्यक तेवढें शिक्षण विनामूल्य देण्याचें अभिवचन होतें. परंतु मालक गेले तरी त्यांची भाषा राहिली. जनता क्रेओल बोले. न्यायालय, कचेरी आणि शाळा मात्र फ्रेंचमध्यें चालत. १८६० सालीं पोपशीं करार झाल्यावर फ्रान्सहून आलेल्या धर्मसंघांच्या शाळांनीं ही परंपरा अधिकच दृढ केली.

परिणाम काय झाला? खेड्यांतील मूल पहिल्याच दिवशीं परक्या भाषेपुढें उभें राही. अर्थ न समजतां धडे घोकावयाचे आणि तोंडपाठ म्हणून दाखवावयाचे, हाच अभ्यास. वर्षअखेरची परीक्षाही फ्रेंचमध्येंच. तींत जें उतरलें नाहीं, तें पुन्हा त्याच वर्गांत. फ्रेंच शिक्षणपद्धतींतून आलेल्या या रिवाजामुळें बारा वर्षांचें मूल दुसऱ्या-तिसऱ्या इयत्तेंत लहानग्यांबरोबर बसलेलें दिसणें नवलाचें उरलें नाहीं. पुढें विसाव्या शतकांत बहुसंख्य शाळा खासगी झाल्या. तेव्हां वर्ग पुन्हा करणें म्हणजे फीही पुन्हा भरणें झालें. शेतकरी बाप एक-दोन वर्षें हा भार सोशी आणि मग मुलाला शेतावर नेई.

१९७९ सालीं शिक्षणमंत्री जोसेफ बर्नार यांच्या सुधारणेनें क्रेओलला प्राथमिक वर्गांत माध्यमाचें स्थान मिळालें. विरोध केवळ उच्चभ्रू वर्गानेंच केला असें नाहीं. गरीब पालकांनींही केला. फ्रेंच हीच नोकरीची किल्ली असतां ती आमच्याच मुलांपासून कां दूर ठेवतां, हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो अविचारी नव्हता. १९८७ च्या राज्यघटनेनें क्रेओललाही राजभाषेचा मान दिला. पण असा प्रश्न केवळ कायद्यानें सुटत नाहीं. मुलाला समजणाऱ्या भाषेंत आरंभ करून मग त्याला फ्रेंचही नीट शिकवील असा शिक्षक आणि तसें पुस्तक गांवोगांव पोहोंचलें पाहिजे. तें न करतां, शाळा सोडून गेलेल्या मुलाला मंदबुद्धि ठरविणें हा उघड अन्याय होय.