वकील कोणत्या क्षणी मिळाला?

१/ मोफत विधिसाहाय्याचा भारतीय इतिहास बहुधा कलमांच्या क्रमाने सांगितला जातो. तो एकाच प्रश्नाच्या आधारे वाचून पाहा : निर्धन आरोपीला वकील कोणत्या क्षणी मिळाला?

२/ १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-अ आणला. दारिद्र्यामुळे कोणी न्यायाला मुकू नये, ही जबाबदारी राज्यावर आली. पण त्याचे स्थान मार्गदर्शक तत्त्वांत होते. केवळ त्याच्या बळावर न्यायालयात दाद मागता येत नव्हती.

३/ १९७८. होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य. आरोपीचा अर्ज सर्वोच्च न्यायालयात पोहोचला, तोवर त्याची शिक्षा भोगून संपली होती. अर्ज फेटाळला गेला, मात्र न्या. कृष्ण अय्यर यांनी दंडक घालून दिला : कैद्याला निकालाची प्रत तत्परतेने व विनामूल्य मिळावी, आणि गरजू कैद्याला अपिलासाठी वकीलही.

४/ १९७९. हुसैनारा खातून खटला. बिहारच्या तुरुंगांत कच्चे कैदी पाच, सात, नऊ वर्षे खितपत होते. काही तर दहा वर्षांहून अधिक. खटले सुरूही झाले नव्हते. न्या. भगवती यांनी मोफत विधिसाहाय्य अनुच्छेद २१ मधील जीविताच्या व स्वातंत्र्याच्या हक्काशी जोडले. मार्गदर्शक तत्त्व आता मूलभूत हक्काचा भाग झाले.

५/ तरीही भागलपूर घडले. पोलिसांनी कैद्यांचे डोळे फोडले. दंडाधिकाऱ्यांपुढे त्यांना वकील मिळाला नाही; कारण देण्यात आले की, त्यांनी तो मागितला नव्हता! १९८० च्या खत्री निकालाने सांगितले : हा हक्क पहिल्या हजेरीपासूनच लागू होतो, आणि निधीच्या टंचाईची सबब चालणार नाही.

६/ १९८६ च्या सुक दास निकालात आरोपीला हक्काची कल्पनाच न दिल्याने दोषसिद्धी रद्द झाली. मुंबईवरील २६/११ हल्ल्याच्या खटल्यात, २०१२ साली, पहिल्याच हजेरीत हा हक्क समजावून सांगणे दंडाधिकाऱ्यांचे कर्तव्य ठरले.

७/ या वाटचालीत कायद्यालाही ताटकळावे लागले. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ चा. अंमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ रोजी. कोठडीतील व्यक्ती, स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती यांना त्यात उत्पन्नाची अट नाही.

८/ म्हणून जुने निकाल वाचताना हक्क मान्य झाला का, एवढ्यावर थांबू नका. तीन तारखा शोधा : अटक, पहिली हजेरी, वकिलाची नेमणूक. त्यांतील अंतर म्हणजे एका माणसाने एकट्याने काढलेला काळ.