पाऊच, पत्रावळ आणि गाडगं

शहागडचा गोदावरीवरचा पूल ओलांडला की मुक्ताईंची पालखी आमच्या गेवराई तालुक्यात शिरते. मुक्ताईनगर ते पंढरपूर, पाचशेहून जास्त किलोमीटर, महिनाभर पायी. कॉलेजात असताना आम्ही पोरं हायवेला टेबल मांडून वारकऱ्यांना पाण्याचे पाऊच वाटायचो. फोटो, स्टेटस, सगळं. एका वर्षी पालखी गेली त्या रात्री धो धो पाऊस झाला. सकाळी बघतो तर आमचेच पाऊच काकाच्या नुकत्या उगवलेल्या कपाशीत. ओढ्याच्या मोरीत गठ्ठाच अडकलेला, आणि तो ओढा पुढं गोदावरीला मिळतो. काका एवढंच म्हणाला, "लई पुण्य कमावलंस बाबा."

त्यानंतर मी वारीतल्या घाणीचा इतिहास वाचायला लागलो. ओरड जुनीच आहे. पटकीच्या साथींमुळे इंग्रज सरकारला पंढरपूरच्या यात्रेची धास्ती असायची. उपायही सरकारी: कर घ्या, गर्दी अडवा. भीती खोटी नव्हती, पटकीनं माणसं मरत होती. पण चालणारा माणूस त्यांच्या लेखी रोग वाहून नेणारा, एवढाच. ही वाट तुझीही आहे, ती तू सांभाळ, असं त्याला कुणी म्हणत नव्हतं.

ते काम गाडगेबाबांनी (1876-1956) केलं. गावात शिरले की आधी झाडलोट, मग रात्री कीर्तन. पंढरपुरात जाऊनही देवळात जायचे नाहीत, चंद्रभागेचं वाळवंट झाडायचे. 2000 साली राज्य सरकारनं ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचं नाव दिलं. आपल्याला त्यांचा खराटा आठवतो. पण नाव पडलं ते गाडग्यावरून. त्याच मातीच्या भांड्यात खायचं, तेच डोक्यावर पालथं घालायचं. जेवण झाल्यावर फेकायला काही उरतच नाही!

मला खराट्यापेक्षा हे गाडगं जास्त मोलाचं वाटतं. आजीच्या आठवणीतल्या पंगती पळसाच्या पत्रावळींवर उठायच्या; वारकऱ्याच्या पिशवीत त्याचा तांब्या असायचा. पाऊच त्यानं मागितलाच नव्हता. तो आम्ही त्याच्या हातात कोंबला. 2018 मध्ये राज्यात प्लास्टिक आणि थर्माकोलच्या ताटवाट्यांवर बंदी आली, तरी आमच्या रस्त्याकडेला त्या दिसायच्या राहिल्या नाहीत. वाटणाऱ्याला दंडापेक्षा पुण्याची घाई जास्त, दुसरं काय.

गेल्या आषाढात सुट्टी टाकून गावी गेलो. दोन रांजण, स्टीलचे पन्नास पेले आणि विसळायला आम्ही चौघं. रांग लागली, काहीजण वैतागले, "पाऊच नाही का?" असंही ऐकलं. एका आजींनी मात्र आमचा पेला बाजूला सारला, पिशवीतून स्वतःचा तांब्या काढला आणि म्हणाल्या, "ह्यात वत रं लेकरा."

संध्याकाळी पेले मोजले. सत्तेचाळीस भरले. तीन पंढरपूरला गेले असावेत.